रेघ ओढायची, ढकलायची नाही

मास्तरसाहेब,

तुमच्या मातीला मी आले होते. घरातल्या कुणाला ते ठाऊक नसेल. मी गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या आडोशाला उभी होते. पुढं यायचा धीर झाला नाही. माणसं तुम्हाला खांद्यावरून घेऊन गेली, शाळेतले दोन शिक्षक दिसले, पोस्टातला शिपाई दिसला. गिरणीवाल्यानं विचारलं, "बाई, तुमच्याच शाळंतले ना?" मी म्हणाले, "हो, ओळखीचे होते." एवढंच म्हणाले. ओळखीचे. मग रिकामी पिशवी हातात घेऊन घरी आले.

त्याला आज वीस दिवस झाले. शाळेत शोकसभा झाली. मोठ्या बाई बोलल्या, तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, स्वभाव कसा शांत. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा बसला नव्हता. जे सांगायचं होतं ते मुलींसमोर सांगण्यासारखं नव्हतं, आणि जे सांगण्यासारखं होतं ते सांगायची मला लाज वाटत होती. म्हणून हे तुम्हालाच लिहिते. मराठीत लिहिते, कारण मराठी वाचायला तुम्ही माझ्याजवळच शिकलात. त्या शिकण्याचा पहिला उपयोग तुम्ही कशासाठी केलात, ते आपल्या दोघांना माहीत आहे.

मी उमरग्याच्या मुलींच्या शाळेत आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. तुळजापुरात वडील कारकून, घरात शिस्त, सगळं जागच्या जागी. वडील गेल्यावर आईला घेऊन इथं खोली केली. तुम्ही तेव्हा पन्नाशीला आलेले. निजामाच्या अमलात तुम्ही तहसिलीत उर्दू कागदांच्या नकला करायचात. संस्थान विलीन झालं, कचेरीची भाषा बदलली, आणि उभ्या तालुक्यात ज्या हाताची तारीफ व्हायची त्या हाताला काम उरलं नाही. कुणीतरी साहेबाला सुचवलं, की ज्याचं अक्षर इतकं देखणं त्याला चित्रं येतच असणार. तुम्हाला शाळेत चित्रकला शिकवायला पाठवलं. आणि तुम्हाला खरंच येत होती.

मला कायम व्हायचं तर चित्रकलेची सरकारी परीक्षा पास व्हायला हवी होती. एकदा मी नापास झाले होते, तेही टाकानं चित्र काढायच्या पेपरात. पेन्सिलीनं मी नीट काढायची. शाईचा टाक हातात आला की सगळं बिघडायचं.

शाळा सुटल्यावर मागच्या ओसरीवर मी तुम्हाला माझी वही दाखवली. तांब्या, कंदील, लिंबाची डहाळी. प्रत्येक रेघ सारख्या जाडीची, पट्टीनं आखल्यासारखी. मला त्या वहीचा अभिमान होता. तुम्ही सावकाश पानं उलटलीत.

"साफ हाय बाई. लई साफ हाय."

मी खूश झाले.

"पर तांब्यात पाणी हाय का न्हाय, ते कळंना."

मला राग आला होता, आज सांगते. रिकामा आणि भरलेला तांब्या बाहेरून सारखाच दिसतो, असं मी म्हणाले. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "उद्यापासनं या. पंधरा दिवस वस्तू काढायची न्हाय. निस्त्या रेघा."

कागद तुम्हीच आणायचात. जुन्या कचेरीतले रद्दी झालेले उर्दू फॉर्म, मागून कोरे. त्यांच्या पाठीवर मी रेघा ओढल्या. आधी वरून खाली, दाब न देता, केसासारख्या. मग तशाच, पण दाबून. मग तिसरा प्रकार, ज्यानं मला रडवलं: एकाच रेघेत बारीक सुरुवात, मध्यापर्यंत दाबत जाड, आणि तिथून दाब काढत काढत पुन्हा केसाएवढी. एका दमात. माझी रेघ मध्येच फुगायची, साप उंदीर गिळून पडावा तशी. तुम्ही निब उजेडात धरून दाखवलीत. तिची दोन पाती दाबानं फाकतात, शाई जास्त उतरते. दाब काढला की मिटतात. "एवढंच हाय बाई. बाकी सगळा सराव."

जाड रेघ हवी असेल तिथं मी दोनदा गिरवायची. तुम्ही टाक काढून घेतलात.

"गिरवायचं न्हाय. गिरवली की रेघ मेली. जाडी दाबातनं आली पाह्यजे, पयल्याच वेळंला."

वळणावर मी निब वरच्या दिशेनं ढकलायची. ती कागदात रुतायची आणि शिंतोडे उडायचे, पदरावर, तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर. तुम्ही सदऱ्याकडं बघायचातसुद्धा नाही. "ओढा बाई, ढकलू नका. वळण अवघड आलं तर कागद फिरवा. निबेला कायकू त्रास देता?"

पंधरा दिवसांचा महिना झाला. मग तांब्या आला. त्याला काढायच्या आधी तुम्ही मला विचारलंत, उजेड कुठून येतोय. खिडकीतून. मग खिडकीकडची कड बारीक काढा, पलीकडची जाड. काठ अगदी हलका. आणि तांब्या जमिनीला टेकतो तिथं सगळ्यात दाबून, "कारण वजन तिथं हाय". मी तसं केलं. कागदावरचा तांब्या एकदम बसला, उचलायला गेलं तर हाताला जड लागेल असा. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "आता हाय पाणी."

मास्तरसाहेब, त्या संध्याकाळी मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढं पास झाल्यावरही झाला नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपण भांडायचोही पुष्कळ. मी म्हणायची, छापील पुस्तकातल्या आकृत्यांना सगळीकडं सारखी रेघ असते, परीक्षक ती बघूनच शिकलेले असतात. तुम्ही म्हणायचात, "पुस्तकाचं पुस्तक बघंल. तुमी तांब्या बघा." मी म्हणायची, नियम सांगा, कुठं किती जाड. तुम्ही नियम सांगायचात आणि दुसऱ्या दिवशी तो मोडायचात. जोंधळ्याचं कणीस काढताना उजेडाकडच्या दाण्यांनाही तुम्ही मध्येच एक जाड रेघ दिलीत. का, म्हणून विचारलं तर, "हितं किडीनं खाल्लंय. हितं नजर थांबली पाह्यजे." आपलं हे भांडण तसंच राहिलं. अजून मला वाटतं, शिकाऊ हाताला आधी नियम हवा. आता कुणाशी भांडू?

रविवारी तुम्ही आमच्या खोलीवर यायचात. दार उघडं, आई चुलीपाशी. पोलीस ॲक्शनला आठ-नऊ वर्षं झाली होती, पण गावातली माणसं अजून एकमेकांच्या दारात उभी राहताना आधी इकडंतिकडं बघायची. तुम्ही येता हे गल्लीनं टिपलं होतं, आणि आईलाही ते मनातून नको होतं. तिनं तुमच्यासाठी एक कप वेगळा ठेवला होता. पांढरा, निळ्या काठाचा, खिडकीच्या कोनाड्यात. तुम्ही चहा प्यायचात, उठून मोरीत कप विसळायचात आणि कोनाड्यात पालथा घालायचात. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते दर रविवारी दिसायचं आणि मी वहीत डोकं घालायची. एकदा तुम्ही तो कप विसळून माझ्यापुढं ठेवलात. "आज हा काढा." मी काढला. तुम्ही बघून म्हणालात, "कान लई जाड झाला." मग कप नेहमीसारखा कोनाड्यात पालथा घातलात.

त्याच रविवारी की पुढच्या, नक्की आठवत नाही, मी तुम्हाला त्या दिवसांबद्दल विचारलं, ॲक्शनच्या. तुमचा धाकटा भाऊ तेव्हा गेला असं शाळेत ऐकलं होतं. तुम्ही बोरू तासत होता. तासतच राहिलात. वर न बघताच म्हणालात, "ते चित्र न्हाय काढायचं, बाई." मी पुन्हा विचारलं नाही.

तुम्ही मला रेघ शिकवत होता आणि मी तुम्हाला मराठी. वरून कागद आला होता, की मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर जागा सोडा. बोलायला तुम्हाला मराठी येतच होती, जन्मापासून. लिहायवाचायची सवय नव्हती. पण अक्षर! डावीकडून उजवीकडं जाताना तुमचा हात आधी बिचकला, आणि मग तुम्ही आमच्या देवनागरीला उर्दूचा बोरू लावलात. उभा काना भरदार, वेलांटी जाता जाता बारीक. मी जन्मभर 'क' लिहिला, पण तो तसा दिसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. अडत होतं ते शुद्धलेखनात आणि कचेरीच्या मराठीत. "सदरहू, उपरोक्त... ही कुठली मराठी, बाई? कोण बोलतं?" पहिल्या परीक्षेत तुम्ही नापास झालात. मी त्याच साली पास झाले.

मोठ्या बाईंनी तुम्हाला सुचवलं, मुदत मागायचा अर्ज करा. तुम्ही माझ्याकडं आलात.

"लिहा. मी इतके वरीस सरकारचं काम केलं. कामात खोट न्हाय. भाषा बदलली, ती काय माझी चूक न्हाय. मी शिकतोय. एक वरीस द्या. बास."

"विनंती आहे, असं घालू?"

"एकदा घाला. दोनदा नक्को."

मी तसं कच्चं लिहून घेतलं. घरी बसून पक्कं करायला घेतलं आणि मला भीती वाटली. वडील म्हणायचे, अर्ज वाचून साहेबाला दया आली नाही तर तो अर्ज नव्हे, तक्रार. मला तुमचे शब्द ताठ वाटले. कुणीतरी चिडेल, तुम्हाला काढून टाकेल, तुमची पोर, जुबेदा, दहा वर्षांची, घरात दुसरं मिळवतं माणूस नाही. मी ते शब्द काढले. त्यांच्या जागी लिहिलं, की अर्जदाराची दृष्टी अधू झाल्यामुळे अभ्यास पुरा होऊ शकला नाही, अर्जदार लाचार आहे, तरी मायबाप सरकारनं दया करावी. तुमचे डोळे घारीसारखे होते. ओसरीवरून तुम्ही कुंपणापलीकडच्या बाभळीवरचं सुगरणीचं घरटं मला दाखवायचात, मला ते दिसायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. "वाचा," म्हणालात. आणि मी वाचून दाखवलं. कागद हातात धरून, त्याच्यावर नजर ठेवून, मी तुमचेच शब्द वाचले. इतकी वर्षं काम केलं. खोट नाही. भाषा बदलली ती माझी चूक नाही. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि मान हलवलीत. "चांगलं लिव्हलं बाई." मग बोरू काढलात आणि खाली उर्दूत सही केलीत. ती सही मला अजून दिसते. सुरुवात नखाएवढी बारीक, पोटात भरलेली, आणि शेवट निघून गेलेला.

"एक नक्कल करून द्या," तुम्ही म्हणालात. "नकलेबिगर कागद वरती पाठवायचा न्हाय."

जन्मभर नकला केलेला माणूस. मी नक्कल करून दिली. खरी नक्कल, शब्दाला शब्द. माझा जोडाक्षरांचा गिचमिड हात, कचेरीची मराठी, तुम्हाला ती वाचता येणार नाही असं मी धरून चालले.

दोन महिन्यांनी हुकूम आला. तुम्हाला मराठीच्या परीक्षेतून माफी. नोकरी शाबूत. आणि दृष्टी अधू असल्यानं चित्रकलेचे तास काढून घेऊन हजेरी आणि घंटेचं काम द्यावं. चित्रकलेचे तास माझ्याकडं.

मोठ्या बाईंनी आपल्या दोघांना बोलावून तो वाचून दाखवला. "नजर?" तुम्ही म्हणालात. "कुणाची नजर?"

"तुमचीच, मास्तर. तुमच्याच अर्जात आहे."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग मोठ्या बाईंना म्हणालात, "हौ. हाय तसं. इसरलो."

त्या रविवारी तुम्ही खोलीवर आलात, नक्कल घेऊन. बसलात आणि वाचायला लागलात. मोठ्यानं, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. मी शिकवली होती तशी, जोडाक्षर फोडून. दृ-ष्टी. तिथं थांबलात.

"अधू म्हंजे काय, बाई? जुबेदाला इचारलं. तिला न्हाय माहीत."

मला अर्थ सांगावा लागला.

"आन लाचार तर आमच्या उर्दूचाच शब्द हाय," तुम्ही म्हणालात. "तो कळला."

मी म्हणाले, नोकरी राहिली ना मास्तरसाहेब? तुम्ही म्हणालात, राह्यली. मी म्हणाले, तुमच्या शब्दांनी राहिली असती का? माझा आवाज चढला होता, कारण मी घाबरले होते.

"न्हाय राह्यली असती कदाचित. मी घरी गेलो असतो. पर ताठ मानेनं गेलो असतो, आन हात माझा राह्यला असता. आता खोटं तुमचं आन सही माझी."

"मी मोठ्या बाईंना खरं सांगते. आत्ता जाते."

"सांगून काय? सही माझी हाय. खोटा अर्ज केला म्हून मलाच काढतील." तुम्ही नकलेची घडी घातलीत. "ऱ्हाऊ द्या आता."

आई चहा घेऊन आली. तुम्ही तिला सलाम केलात आणि न पिता निघालात. त्यानंतर आमच्या खोलीवर कधी आला नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. त्यानंतर एकदा मी खरंच मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले होते. सगळा दोष माझा, मास्तरांना मजकूर माहीत नव्हता, असं सांगायचं ठरवून. दाराशी उभी असताना आतून त्यांचा आवाज आला, माझा कायम होण्याचा कागद त्या कारकुनाला वाचून दाखवत होत्या. मी परत फिरले. उद्या सांगू म्हटलं. तो उद्या मी कधी आणला नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही चष्मा लावून शाळेत आलात. मोंढ्याच्या बाजाराजवळ रस्त्यावर विकत मिळायचा तसला, साध्या काचेचा. मला कळलं, कारण काचेतून तुमचे डोळे जेवढ्याला तेवढे दिसत होते. बाकी कुणाला कळलं नाही. हजेरीचा पट तुम्ही डोळ्याजवळ नेऊन वाचायचात. पायरी उतरताना क्षणभर थांबायचात. गावात तुम्हाला 'चष्म्याचे मास्तर' म्हणायला लागले. चार वर्षं, मास्तरसाहेब. माझ्या एका ओळीसाठी तुम्ही चार वर्षं कमी दिसणारा माणूस होऊन राहिलात, आणि मी तुमच्या वर्गात उभी राहून मुलींना सांगत होते, रेघ ओढायची, ढकलायची नाही.

एक दिवस तर मला विसरताच येत नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली शाळेत मोठा नकाशा करायचा होता. जमिनीवर कागद पसरून मुली टाकानं रेघा ओढत होत्या. राज्याची हद्द जाड, जिल्ह्यांच्या बारीक, हे त्यांना जमलं. नद्या जमेनात. सातवीतली एक मुलगी गोदावरी काढत होती आणि पूर्वेच्या हद्दीकडून उगमाकडं टाक ढकलत नेत होती. कागद फाटायला आला. मी पलीकडं दुसऱ्या मुलींशी बोलत होते. तुम्ही ओसरीवरून जाताना थांबलात. आत आलात, खाली बसलात, तिच्या हातातून टाक घेतलात.

"उगमाकडनं ये. हितं केसावानी. आता ओढ. आता जरा दाब... एकेक नदी मिळंल तसा दाब."

कागद थोडा फिरवून तुम्ही गोदावरी ओढलीत. नाशिकपाशी दिसेल न दिसेल अशी निघालेली रेघ आमच्या मराठवाड्यातून भरत भरत गेली. कुठं थांबली नाही, कुठं फुगली नाही. मुली पुढं सरकून बघायला लागल्या. चष्मा तुम्ही काढून खिशात ठेवला होता. नीट दिसावं म्हणून.

आणि दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

"मास्तर, तुम्हाला दिसतंय की!" त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, संशयानं नव्हे. पण तुमचा चेहरा बदलला. तुमच्या हातातला टाक निसटला, की तुम्ही सोडलात, आणि नदीच्या शेवटी शाईचा मोठा डाग पडला. "कुठलं, बाईसाहेब," तुम्ही म्हणालात. "अंदाजानं गेलो, शेवटाला चुकलं बगा." मग चष्मा चाचपून काढलात, डोळ्यांवर चढवलात, आणि उठून भिंतीला हात लावत, सावकाश, वर्गाबाहेर गेलात.

मला तेव्हा सगळ्यांसमोर बोलता आलं असतं. मी वाकून टीपकागदानं डाग टिपला. मुलींना म्हणाले, चला, आता भीमा काढा.

तुम्ही माझ्यावर रागावला होता का, हे मला अजून कळलेलं नाही. वागण्यात कधी दाखवलं नाहीत. ओसरीवर भेटलात की "बाई, बरं हाय ना?" पण माझं चित्र बघायला कधी मागितलं नाहीत, आणि मी दाखवलं नाही. निवृत्त झालात त्या दिवशी हार घातल्यावर सगळ्यांना बोललात, मला वेगळं काही नाही.

मागच्या महिन्यात एस.टी. स्टँडवर आपण भेटलो. मी तुळजापूरला निघाले होते, तुम्ही दवाखान्यातून येऊन सावलीला बसला होता. धाप लागत होती. मी शेजारी बसले. हमरस्त्यानं हैदराबादकडचे ट्रक जात होते, धूळ उडत होती. तुम्ही विचारलंत, "पोरींना रेघ शिकवता ना?"

"हो."

"गिरवू देत न्हाय ना?"

"नाही."

"चांगलं."

मी म्हणाले, "मास्तरसाहेब, तो अर्ज..." तुम्ही हात वर केलात. थांबा म्हणालात की असू दे म्हणालात, की नुसती धाप लागली होती? गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता. मी म्हणाले, परत आले की घरी येते, बोलायचं आहे. "या की," तुम्ही म्हणालात. मी परत आले आणि चार दिवस वह्या तपासत बसले. पाचव्या दिवशी शाळेत निरोप आला.

परवा हलीमाभाभी आल्या होत्या, इद्दतीचे, घराबाहेर न पडायचे दिवस असूनही, जुबेदाला घेऊन. मी त्यांच्यासमोर जायला भीत होते आणि त्याच माझ्या दारात. आईनं त्यांना आत बसवलं. आई आता थकली आहे, कपाटातले चांगले कप तिनंच काढले.

जुबेदानं सातवीची फायनल पास केली आहे. तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं आहे आणि जागा थोड्या आहेत. भाभी म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या अर्जानं ह्यांची नोकरी राह्यली होती. चार वरीस चूल पेटली त्या कागदावर. मी तुमाला लई दुवा देते. तसंच पोरीसाठी लिहा. बाप गेला, कुणी न्हाय, लाचार हाय, समदं लिहा. तुमाला येतंय तसं."

मास्तरसाहेब, त्या मनापासून बोलत होत्या. म्हणजे मी बरोबर होते का? चूल पेटली हे खरं. तुम्ही चार वर्षं भिंत चाचपत चाललात हेही खरं. मला दोन्हींची बेरीज करता येत नाही. मी त्यांचा हात धरून बसले आणि रडले. त्यांना वाटलं, मी तुमच्यासाठी रडतेय. तेही खोटं नव्हतं. मग मी टाक घेतला, कागद घेतला, आणि मला पहिला शब्दच सुचेना.

जुबेदा म्हणाली, "अम्मी, मी लिहून आणलाय." तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. "बाई, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

तिचं अक्षर तुमच्यासारखं नाही. लहान, घाईचं, सगळीकडं सारख्याच जाडीचं. मजकूर थोडका. नाव, गाव, परीक्षेचे गुण. मला शिक्षिका व्हायचं आहे. मी मेहनत करीन. विनंती एकदाच. आणि शेवटी, अर्जाशी काही संबंध नसताना, दोन वाक्यं: माझे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांची द्रुष्टी शेवटपर्यंत चांगली होती.

मी वर बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, सरळ.

भाभींनी विचारलं, "बरोबर हाय का? काय कमी हाय का?"

ट्रेनिंगच्या साहेबाला ती वाक्यं कशाला हवीत, ती काढ, असं मी एरवी म्हणाले असते. कागद कचेऱ्यांतून फिरतो, कुणीतरी जुन्या हुकुमाशी ताडून बघेल, मग तिची जागाही जाईल आणि माझीही, हेही मनात येऊन गेलं. मी 'द्रुष्टी' खोडून वर 'दृष्टी' लिहिलं. सबंध अर्जात चूक तेवढीच होती. मग कागद तिच्या हातात परत दिला आणि म्हणाले, बरोबर आहे, आजच टाका.